मानेचा हिशोब, डोक्याची उधारी : हुकर स्टीव्ह थॉम्पसनचं प्रकरण

सिडनी, २२ नोव्हेंबर २००३. रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना १७–१७ असा अडकलाय. ऐंशी मिनिटं कधीच होऊन गेली, जादा वेळेची वीस मिनिटंही सरत आलीत. मैदान ओलं, चेंडू बुळबुळीत. रेषेबाहेर इंग्लंडचा दोन नंबरचा खेळाडू चेंडू डोक्यामागे धरून उभा आहे. समोर खेळाडूंच्या दोन रांगा, एक आपली, एक ऑस्ट्रेलियाची, आणि मध्ये मीटरभर बोळ. चेंडू या बोळातून सरळ गेला पाहिजे. तिरका गेला की पंच तो समोरच्यांना देऊन मोकळा. रांगेतल्या जवळच्या माणसाकडे फेकणं सोपं, पण तिथून पुढे काही घडवायला जागा कमी. खूण होते लांबच्या माणसाची. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून जातो आणि रांगेच्या शेपटाला, बदली म्हणून आलेल्या लुईस मूडीच्या हातात अलगद पडतो. तिथून कॅट, डॉसन, जॉन्सन, परत डॉसन आणि शेवटी जॉनी विल्किन्सन. विल्किन्सनचा भरवशाचा पाय डावा, मारला उजव्याने. २०–१७. सामना संपायला २६ सेकंद उरलेली.

जगाच्या लक्षात तो ड्रॉप गोल राहिला, म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टाकून, टप्पा पडताच खांबांमधून मारलेली ती लाथ. फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत झुंजणाऱ्या मंडळींच्या लक्षात तो थ्रो राहिला. ज्याने फेकला त्याला दोन्ही आठवत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये स्टीव्ह थॉम्पसनने, तेव्हा वय ४२, जाहीरपणे सांगितलं की त्याला अकाली स्मृतिभ्रंश झालाय आणि डॉक्टरांना त्यामागे सीटीई, म्हणजे डोक्याला वर्षानुवर्षं बसत राहिलेल्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा विकार, असण्याची शक्यता वाटते. विश्वचषक जिंकल्याचं त्याला काहीच आठवत नाही. सामन्याचं चित्रीकरण पाहताना पडद्यावर आपण दिसतो, पण आपण तिथे होतो असं आतून वाटत नाही, अशा अर्थाचं तो बोलला. कधी समोर बसलेल्या बायकोचं नाव सुचत नाही. पुन्हा संधी मिळाली तर खेळशील का, यावर त्याचं उत्तर स्पष्ट नकाराचं होतं. जे आठवतच नाही त्याचा आनंद तरी कसला मानायचा?

हे प्रकरण मांडायचं कारण विश्वचषक नाही. थॉम्पसनची कारकीर्द जवळजवळ पूर्णपणे त्या काळात बसते, जेव्हा रग्बी पैशाची झाली होती पण सावध झाली नव्हती. व्यावसायिक खेळ म्हणजे काय आणि तो शरीराकडून नक्की काय वसूल करतो, हे या एका माणसाच्या वाटचालीत जितकं उघड दिसतं तितकं आकडेवारीच्या तक्त्यात दिसत नाही.

दोन नंबरचा माणूस

रग्बी युनियनच्या संघात पंधरा जण. पहिले आठ फॉरवर्ड, उरलेले सात बॅक. बॅक पळतात, फॉरवर्ड झुंजतात, असं ढोबळपणे म्हणता येईल. दहीहंडीच्या भाषेत सांगायचं तर फॉरवर्ड म्हणजे खालचा थर. हंडी फोडणाऱ्या पोराचा फोटो छापून येतो, खालच्यांचे खांदे कुणी विचारत नाही.

नियम मोडल्यावर खेळ पुन्हा सुरू करायचा एक प्रकार म्हणजे स्क्रम. दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना घट्ट धरून, वाकून, डोक्यात डोकी अडकवून रेटा देतात. पहिल्या ओळीत तिघे: दोन प्रॉप आणि मध्ये हुकर. हुकरचे दोन्ही हात शेजारच्या प्रॉपच्या खांद्यांवर गुंतलेले असतात. म्हणजे समोरून धक्का आला तर तो अडवायला त्याच्याकडे हात नसतो. असते ती मान. मागून आपले पाचजण ढकलत असतात, पुढून समोरचे आठ. आंतरराष्ट्रीय पातळीवर एका बाजूच्या आठ जणांचं वजन नऊशे किलोच्या आसपास भरतं. अशा अवस्थेत आत आलेला चेंडू त्याने एका पायाने मागे ओढायचा. नाव त्यावरूनच पडलं, हुकर. आणि स्क्रम मोडला की पुढच्याच मिनिटाला याच माणसाने रेषेबाहेर जाऊन सुईत दोरा ओवावा तसा लाइनआउटचा, म्हणजे सिडनीत पाहिला तसा दोन रांगांमधल्या बोळातला, थ्रो करायचा. मला हा खेळातला सर्वांत विचित्र जोडधंदा वाटतो. हमालाने ओझं उतरवावं आणि लगेच पेटीवर सूर धरावा, तसा.

थॉम्पसनच्या काळी स्क्रमची सुरुवातच टकरीने व्हायची. दोन्ही बाजू थोड्या अंतरावर वाकून थांबत आणि पंचाने हुकूम दिला की एकमेकांवर आदळत. इंग्रजीत त्याला नुसतं ‘हिट’ म्हणत. जो संघ पहिला आणि जोरात आदळेल त्याचा अर्धा डाव तिथेच जिंकलेला. पुढे बाथ विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या टकरीचा जोर मोजला. २०१३ मध्ये नियम बदलून प्रॉपनी समोरच्याला आधी हाताने धरायचं आणि मगच भिडायचं असं ठरलं, तेव्हा सुरुवातीच्या धक्क्याचा जोर सुमारे पाव हिश्श्याने उतरला. थॉम्पसन २०११ मध्येच निवृत्त झाला होता. त्याच्या वाट्याला सगळ्या टकरी जुन्या पद्धतीच्या आल्या.

सामने मोजले, सराव कुणी मोजला?

थॉम्पसनचा जन्म १९७८ चा. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनच्या क्लबकडे तो आला तेव्हा फळीच्या मागच्या ओळीत, फ्लँकर म्हणून खेळायचा. मोकळं पळायला मिळणारी ती जागा. अंगापिंडाने दणकट आणि तरीही पळायला चपळ, म्हणून त्याला पुढे हुकरच्या जागी आणलं. हुकर तोवर बहुधा आखूड बांध्याचे असत. हा सहा फूट दोन इंचांचा. त्याच्यासारख्यांमुळे त्या जागेचं मापच बदललं.

त्याची व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधी थोडीच वर्षं मोठी घटना घडली होती. २६ ऑगस्ट १९९५ ला पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने शंभरेक वर्षांचा हौशीपणा सोडून खेळाडूंना मानधन घ्यायची मोकळीक दिली. तोवर अगदी आंतरराष्ट्रीय खेळाडूही कुणी पोलीस, कुणी शेतकरी, कुणी डॉक्टर. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, सोमवारी कामावर. ती नोकरी म्हणजे अडथळा आहे असं सगळ्यांना वाटायचं. ती ढालही होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नसावं. माणूस दिवसभर कचेरीत बसलेला असेल तर निदान तेवढा वेळ त्याचं डोकं कशावर आपटत नव्हतं.

पगार सुरू झाला आणि सराव रोजचा झाला. व्यायामशाळेने शरीरं वाढवली, वाढलेली शरीरं जास्त वेगाने एकमेकांवर आदळू लागली, आणि ती आदळणं आठवड्यातून एकदा न राहता जवळजवळ रोज घडू लागली. कवटी मात्र वजन उचलून जाड होत नाही. मेंदू कवटीत द्रवात तरंगतो. डोकं झटक्यात थांबलं तरी तो लगेच थांबत नाही. हेल्मेट किंवा कानाला पट्टा बांधून कातडी वाचते, हे आतलं हेलकावणं थांबत नाही.

थॉम्पसनच्या सांगण्यात मला सर्वांत बोचणारा भाग आहे तो सामन्यांचा नाही, स्क्रम मशीनचा. लोखंडी चौकट, पुढे जाड गाद्या, मागे वजन. फॉरवर्डनी ओळीने येऊन त्यावर आदळायचं, पुन्हा मागे यायचं, पुन्हा आदळायचं. माणूस निदान थोडा लवतो, सरकतो. मशीन मागे हटत नाही. अशा सरावात डोळ्यांपुढे पांढरे ठिपके नाचायचे आणि काही सेकंद आपण कुठे आहोत हेच कळायचं नाही, असं त्याने सांगितलंय. आपण मराठीत म्हणतो, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आपल्याकडेही या काजव्यांवर हसून पुढे जातात. ‘जरा लागलंय, उठेल आत्ता.’ तिथेही हेच वाक्य होतं, फक्त इंग्रजीत.

कोल्हापूरच्या तालमीत मुरलेल्या पैलवानाचे कान बघितलेत? मऊ पाळीचा गोळा होऊन घट्ट झालेला असतो. रग्बीतल्या पुढच्या ओळीतल्यांचे कानही डिट्टो तसेच. दोन्हीकडे तो कान मिरवायची गोष्ट. शरीराने दिलेली पावतीच ती. अडचण एवढीच की मेंदूच्या आत काय गोठलं याची पावती बाहेर कुठेच दिसत नाही.

उजळ पान

थॉम्पसनने इंग्लंडकडून पहिला सामना फेब्रुवारी २००२ मध्ये एडिंबरोला स्कॉटलंडविरुद्ध खेळला. इंग्लंडने तो २९–३ असा सहज मारला. या दोन देशांच्या सामन्याचा करंडक म्हणजे कलकत्ता कप. १८७० च्या दशकात कलकत्त्यातल्या गोऱ्या मंडळींचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून वितळवून त्यांनी तो घडवून घेतला. कान नागाचे, झाकणावर हत्ती. म्हणजे या गड्याने देशासाठी पहिल्यांदा घाम गाळला तो आपल्याच रुपयांच्या चांदीसाठी. असो.

त्यानंतरची दोन वर्षं सोन्याची. प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्डने प्रत्येक कामाला वेगळा माणूस नेमला होता. थ्रो शिकवायला सायमन हार्डी. नजर तयार करायला दक्षिण आफ्रिकेच्या शेरिल कॉल्डर. फ्लँकरमधून आलेल्या थॉम्पसनला थ्रो मुळापासून घोटावा लागला आणि सिडनीतला तो चेंडू या घोटण्याचंच फळ. डोळ्यांसाठी माणूस होता, हातांसाठी होता. डोक्यावरचे धक्के मोजणारा माणूस त्या काळी कुठल्याच संघात नव्हता. याला मी हलगर्जी म्हणणार नाही. ती गोष्ट मोजायची असते हीच कल्पना मैदानापर्यंत पोचली नव्हती. बॉक्सरांच्या मेंदूवर होणारे परिणाम मात्र वैद्यकशास्त्राला १९२८ पासून माहीत होते, ही दुसरी बाजूही तितकीच खरी.

जून २००३, वेलिंग्टन. न्यूझीलंडविरुद्ध सामना, इंग्लंडचे दोन फॉरवर्ड शिक्षा म्हणून एकाच वेळी दहा मिनिटांसाठी बाहेर. स्क्रम इंग्लंडच्या स्वतःच्या रेषेला लागून. सहाजण विरुद्ध आठ. रोनट्री, थॉम्पसन, लेनर्ड, मागे जॉन्सन आणि के, बाजूला हिल. स्क्रम पुन्हा पुन्हा लागला आणि सहाजणांनी आठांना अडवून धरलं. इंग्लंड १५–१३ ने जिंकलं. नोव्हेंबरमधला विश्वचषक खरं तर इथेच जिंकला होता, असं मानणारे बरेच आहेत आणि मीही त्यातलाच. हा प्रसंग पुन्हा पाहताना पूर्वी छाती फुगायची. आता नजर जाते ती मधल्या माणसाच्या मानेवर.

दोनदा निवृत्ती, कारण एकच

२००५ मध्ये तो ब्रिटिश अँड आयरिश लायन्स, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघातून न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. २००७ मध्ये मान गेली. शस्त्रक्रिया, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्तीची घोषणा.

गोष्ट इथे थांबली असती तर? हा प्रश्न या प्रकरणाच्या मध्यावर येऊन बसतो. पण ती थांबली नाही. तो फ्रान्समधल्या ब्रीव्ह क्लबकडे गेला, तपासण्या झाल्या, मान खेळायला तयार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि तो मैदानात परतला. २००९ मध्ये इंग्लंडच्या संघात पुन्हा आला. पुढे लीड्स, मग वास्प्स. २०११ चा विश्वचषक खेळला. त्याच डिसेंबरात पुन्हा मान, पुन्हा निवृत्ती, या वेळी कायमची. एकूण ७३ आंतरराष्ट्रीय सामने.

पुनरागमनाची ही कहाणी तेव्हा जिद्दीची म्हणून छापली गेली. जिद्द होतीच. दोन्ही निवृत्त्यांचं कारण मात्र एकच लिहिलं गेलं: मान. मानेचं मणक्यांचं चित्र काढता येतं, सर्जनला दाखवता येतं, विम्याच्या कागदावर लिहिता येतं, बरी झाली की शिक्का मारता येतो. मानेचा हिशोब चोख ठेवला गेला. त्याच मानेवर बसलेल्या डोक्याची उधारी कुठल्या वहीत चढलीच नाही.

त्यात तेव्हाच्या नियमाचा एक उलटा परिणाम होता. क्रिकेटमुळे ‘कन्कशन’, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदू हादरणं, हा शब्द आपल्याकडे आता घरोघरी माहीत झालाय. रग्बीत तो नियम जुनाच होता: कन्कशन झालं की तीन आठवडे सक्तीची विश्रांती, तज्ज्ञाने लवकर सोडलं तर गोष्ट वेगळी. ऐकायला किती काळजीचा वाटतो. प्रत्यक्षात काय व्हायचं? तीन आठवडे म्हणजे तीन सामने, म्हणजे संघातली जागा. मग तो शब्दच उच्चारायचा नाही. ‘जरा भोवळ आली’, ‘ठोसा लागला’, ‘आता बरा आहे’. आजाराचं नाव घेतलं नाही की आजार नाही. ही सक्ती २०११ मध्ये गेली आणि हळूहळू मैदानालगतच तपासणी करायची पद्धत आली. आधी पाच मिनिटांची, नंतर दहा. पण ती तपासणी पडलेल्या, अडखळलेल्या, बेशुद्ध झालेल्या माणसासाठी. काजवे पाहून पुढच्या टकरीला उभा राहणारा माणूस तिच्या जाळीतून अलगद निसटतो. थॉम्पसनसारख्यांच्या आयुष्यात असे हजारो धक्के, आणि त्यातला एकही एकटा तपासणीला पाठवावा इतका मोठा नसेल.

काय सिद्ध होतं, काय होत नाही

इथे जपून चालायला हवं. माझी सहानुभूती कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळलंच असेल, म्हणून जास्तच.

पहिली गोष्ट, सीटीईचं पक्कं निदान जिवंत माणसात होत नाही. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाउ नावाचं प्रथिन साचलेलं असतं आणि ते मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. थॉम्पसनच्या निदानात ‘संभाव्य’ हा शब्द त्यामुळे आहे. दुसरी, अमुक माणसाचा अमुक आजार अमुक टकरींनीच झाला असं बोट ठेवून सांगता येत नाही. लोकसंख्येबद्दल मात्र बोलता येतं. ग्लासगोचे मेंदूविकृतिशास्त्रज्ञ विली स्ट्युअर्ट यांच्या गटाने २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंची तुलना त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांचं निदान होण्याचा धोका खेळाडूंमध्ये अडीच पटींहून जास्त निघाला.

याच अभ्यासातला एक निष्कर्ष माझ्या वरच्या सगळ्या मांडणीला टोचतो आणि तो लपवणं बरं नाही. फॉरवर्ड आणि बॅक यांच्या धोक्यात फरक सापडला नाही. म्हणजे स्क्रमच दोषी, पुढची ओळच बळी, असं सरळ सांगता येणार नाही. अर्थात त्या यादीत बहुतेक जण हौशी काळातले, हलक्या अंगाचे, दोन संध्याकाळच्या सरावाचे. रोजच्या मशीनवर वाढलेली पिढी त्यांच्या वयाला पोचायची आहे. ती पोचेल तेव्हा आकडा खाली येईल की वर जाईल, यावर मी पैज लावणार नाही, पण मला भीती कशाची वाटते ते उघड आहे.

थॉम्पसन एकटा नव्हता. त्याच सुमारास वेल्सचा अॅलिक्स पोपम, इंग्लंडचा मायकेल लिपमन यांनीही चाळिशीतच असं निदान झाल्याचं सांगितलं. दोघेही फॉरवर्ड. जागतिक रग्बी संघटना आणि इंग्लंड व वेल्सच्या संघटनांवर दावा दाखल झाला आणि पुढे दावेदारांची संख्या शेकड्यांत गेली. धोका ठाऊक असून किंवा असायला हवा असूनही खेळाडूंना जपलं नाही, असा तो आरोप. खेळाडूंच्या भल्याला आपण नेहमीच महत्त्व दिलं, असं संघटनांचं म्हणणं. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम.

नियम मात्र हलले. सप्टेंबर २०२१ मध्ये जागतिक संघटनेने सल्ला दिला की आठवड्याला पूर्ण जोराच्या भिडंतीचा सराव पंधरा मिनिटांच्या आत ठेवा, आणि तोही दोन दिवसांत वाटून. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्या आकड्यापाशी बराच वेळ थांबलो. आठवड्याला पंधरा मिनिटं. २०२४ पासून वरच्या पातळीवर दातांच्या कवचात संवेदक बसवून डोक्याला बसणारा प्रत्येक धक्का नोंदवला जातो. ठराविक मापापेक्षा मोठा नोंदला गेला की माणूस तपासणीला बाहेर. अखेर कुणीतरी मोजायला बसलं.

आपल्याकडे मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर अनेक दशकं रग्बी खेळली जातेय. अभिनेता राहुल बोस तिथून भारताच्या संघात गेला आणि नंतर राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. इथला खेळ अजून बहुतांशी नोकरी-शिक्षण सांभाळून खेळला जातो. रोज मशीनवर आदळण्याइतका पैसा त्यात आलेला नाही. थॉम्पसनचं प्रकरण वाचल्यावर या गरिबीची मला पूर्वीइतकी हळहळ वाटत नाही.

थॉम्पसनने आपला मेंदू मृत्यूनंतर संशोधनासाठी द्यायचं कबूल केलंय. ज्या चेंडूची आठवण त्याच्याकडे नाही, त्या चेंडूपर्यंत पोचायला किती टकरी लागल्या याचं काहीएक उत्तर तिथे सापडेल. तोवर त्याच्या कागदावर ‘संभाव्य’ एवढंच लिहिलेलं असणार.